पिकअप ‘लोअर’ करायची? आधी गाडीखाली वाकून पाटे मोजा

रीलमधली जमिनीला टेकलेली पिकअप दिसते भारी. पण धानाची पोती आणि रोवणीची माणसं वाहणाऱ्या भंडाऱ्यातल्या गाड्यांना नेमकं कोणतं ‘लोअरिंग’ हवं आहे?

लाखनीकडचा माझा मावसभाऊ पिकअप चालवतो. गाडी त्याच्या नावावर, हप्तेही त्याच्याच नावावर. मध्यंतरी त्याने एक रील पाठवली. परदेशातली एक पिकअप, चाकं अर्धी मडगार्डात लपलेली, गाडी जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर. खाली त्याचा प्रश्न: ‘दादा, हे किट आपल्या पिकअपले बसते का गा?’

मी इंजिनीअरिंग केलंय, तेवढ्या भांडवलावर घरच्यांना वाटतं की मला सगळ्या गाड्यांचं कळतं. मी त्याला म्हटलं, आधी तुझ्या गाडीच्या मागच्या पाट्यांचा खालून फोटो पाठव. फोटो आला. दोन्ही बाजूंना कंपनीच्या पाट्यांखाली दोन-दोन जादा पाटे ठोकलेले होते. गाडी खाली करायचं किट विचारणाऱ्याची गाडी आधीच वर उचललेली होती!

हा लेख त्या फोटोवरून सुचला. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. भंडाऱ्यात पोटासाठी चालणाऱ्या पिकअपला बाजारातलं लोअरिंग किट नको. तिला हवं आहे ते वेगळंच ‘लोअरिंग’: वाढवलेले पाटे काढून गाडी कंपनीने दिलेल्या उंचीवर परत आणणं. का, ते समजून घेऊया.

लोअरिंग किट म्हणजे काय?

गाडीचा सांगाडा, म्हणजे चेसिस, आणि चाकांना जोडणारा ॲक्सल यांच्यामध्ये सस्पेन्शन असतं. पिकअपमध्ये मागे बहुधा पाटे असतात. पुढे मॉडेलनुसार पाटे, कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार असतो. गाडी खाली आणायची म्हणजे चेसिस आणि ॲक्सल यांच्यातलं अंतर कमी करायचं.

त्याचे प्रकार ठरलेले आहेत. पुढे कॉइल असेल तर आखूड कॉइल बसवतात. टॉर्शन बार असेल तर त्याचा ताण कमी करतात. मागे पाट्यांचा बाक कमी केलेला संच टाकतात, किंवा पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा बसवतात. याहून जास्त खाली आणायची असेल तर ‘फ्लिप किट’ वापरतात. त्यात पाट्याखाली असलेला ॲक्सल उचलून पाट्याच्या वर बसवला जातो. त्याने गाडी एकदम पाच-सहा इंच खाली येऊ शकते. मग ॲक्सल चेसिसला आपटू नये म्हणून चेसिसला खाच पाडावी लागते.

अमेरिकेत १९८०च्या दशकात छोट्या जपानी पिकअप अशा खाली करण्याचं वेडच आलं होतं. थायलंडमध्ये आजही पिकअप खाली करणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे. पण शोसाठी सजवलेल्या त्या गाडीत हौदा बहुतेक वेळा रिकामा असतो. आपल्या गाडीत तो रिकामा असला, तर त्या दिवशी मालकाचा धंदा बसलेला असतो.

रीलमधला ठोकळा इथे उलटा चालतो

किट ऑनलाइन मागवायच्या आधी एक गोष्ट तपासा. गाडीखाली वाका आणि पाहा, मागचे पाटे ॲक्सलच्या वर आहेत की खाली?

पाटे ॲक्सलच्या खाली असतील, तर मध्ये ठोकळा घातल्यावर गाडी खाली येते. पाटे ॲक्सलच्या वर असतील, तर तोच ठोकळा गाडी वर उचलतो. आपल्याकडच्या बहुतेक मालवाहू पिकअपमध्ये पाटे ॲक्सलच्या वर असतात. म्हणजे रील पाहून मागवलेला दोन इंचांचा ‘लोअरिंग’ ठोकळा इथे बसवला, तर गाडी दोन इंच उंच होईल! पैसे देऊन नेमकं उलटं काम.

खाली केल्यावर काय जातं?

सर्वांत आधी जाते ती दचका गिळायची जागा. एक साधं उदाहरण घेऊ. समजा, रिकाम्या गाडीत ॲक्सल आणि त्यावरचा रबरी बंप स्टॉप यांच्यात पाच इंच अंतर आहे. पूर्ण माल भरल्यावर गाडी साडेतीन इंच दबते. उरलं दीड इंच. रस्त्यातला खड्डा, गतिरोधक, पांदण रस्त्यावरची चाकोरी, सगळं त्या दीड इंचात निभावायचं असतं.

आता ठोकळा किंवा फ्लिप किटने हीच गाडी दोन इंच खाली आणली. पाचाचे तीन इंच झाले. माल भरल्यावर गाडीला साडेतीन इंच दबायचं आहे, पण जागाच तीन इंच. म्हणजे पूर्ण माल चढायच्या आधीच ॲक्सल बंप स्टॉपला टेकला. यानंतर सस्पेन्शन नावापुरतं उरतं. प्रत्येक दचका थेट चेसिसला, बेअरिंगला, टायरला आणि चालकाच्या कमरेला. कडक पाटे टाकून हे दबणं कमी करता येतं, पण मग रिकामी गाडी बैलगाडीसारखी आदळते.

दुसरी गोष्ट म्हणजे गिअरबॉक्समधून मागच्या ॲक्सलकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट. उंची बदलली की त्याचा कोन बदलतो. मग त्याचे क्रॉस लवकर जातात आणि एका ठरावीक वेगाला गाडी थरथरते.

तिसरी गोष्ट रात्रीची. फक्त मागून गाडी खाली केली की तोंड वर होतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. नागपूर–भंडारा–साकोली हा राष्ट्रीय महामार्ग ५३ रात्री ट्रकांनी भरलेला असतो. तिथे समोरच्या चालकाचे डोळे दिपवणं म्हणजे संकटाला आमंत्रण.

आणि चौथं म्हणजे आपला जिल्हा. पवनी, लाखांदूरकडच्या बांध्यांतून पावसाळ्यात माल काढायचा असेल, तर पोटाखाली उंची लागते. चिखलाच्या चाकोरीत चाकं उतरतात आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. तिथे चार बोटांची गाडी जागेवरच बसेल.

‘पण खाली असलेली गाडी स्थिर असते ना?’

असते. हा मुद्दा खोटा नाही, आणि लोअरिंगच्या बाजूने तोच सर्वांत भक्कम आहे. गाडीचा गुरुत्वमध्य जितका खाली, तितकी ती वळणावर उलटायची शक्यता कमी. उंच भरलेल्या पिकअप वळणावर कशा डोलतात, हे आपण रोज पाहतो.

पण गणित मांडून पाहा. गाडी दोन इंच, म्हणजे पाच सेंटिमीटर खाली आणली. चाकं आणि ॲक्सल आहेत तिथेच राहतात, म्हणून एकूण गुरुत्वमध्य पाच सेंटिमीटरहून थोडा कमीच उतरतो.

आता किट बाजूला ठेवा आणि मालाची रास फक्त एक फूट, म्हणजे ३० सेंटिमीटर कमी रचा. राशीचा मध्य १५ सेंटिमीटर खाली येतो. भरलेल्या पिकअपमध्ये मालाचं वजन ढोबळमानाने एकूण वजनाच्या निम्मं असतं. म्हणजे पूर्ण गाडीचा गुरुत्वमध्य सुमारे सात सेंटिमीटर खाली आला. किटपेक्षा जास्त, आणि खर्च शून्य! वरून काढलेल्या पोत्यांचं वजन कमी झालं, तो फायदा वेगळाच.

गाडी स्थिर हवी असेल तर सर्वांत स्वस्त लोअरिंग किट म्हणजे वरचा एक थर न भरणं.

मग आपल्या गाड्या आधीच वर का?

कारण तो वरचा थर सोडवत नाही. मला कोणाला उपदेश करायचा नाही, हिशेब सरळ आहे. १.७ टन क्षमतेच्या पिकअपमध्ये कायद्याने १७ क्विंटल धान बसतं. शेतकऱ्याकडे निघालेलं असतं २५ क्विंटल. दोन खेपांचं डिझेल कोण देणार? मग म्हणतात, ‘भर, पाटे टाकलेत.’

इथेच खरी चूक होते. पाटा वाढवला की ताकद फक्त पाट्यांची वाढते. ॲक्सल तोच, बेअरिंग तेच, टायर तेच, चेसिस तीच. ब्रेकही तेच. सहा पाट्यांचे आठ केले, तर स्प्रिंगचा कडकपणा साधारण एक तृतीयांशाने वाढतो. त्यामुळे गाडी दबत नाही आणि ‘गाडी माल झेलते’ असं डोळ्यांना वाटतं. कंपनीच्या पाट्यांवर मागून बसलेली गाडी आपल्याला सांगत असते की बस झालं. जादा पाटे टाकून आपण तिचं तोंड बंद करतो.

माल उतरला की हीच गाडी उलट वागते. रिकाम्या हौद्याचं वजन त्या कडक पाट्यांना दाबूच शकत नाही. खड्ड्यावरून गाडी उडते, मागचं चाक क्षणभर रस्ता सोडतं. त्याच क्षणी ब्रेक लागला आणि रस्ता ओला असला, तर मागचा भाग बाजूला फेकला जातो.

ब्रेकची ती छोटी दांडी

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा.

अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून चेसिसवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत एक छोटी दांडी किंवा स्प्रिंग जोडलेली असते. हा भार ओळखणारा ब्रेक व्हॉल्व्ह. त्याचं काम साधं आहे. ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं. गाडी रिकामी असेल तर मागची चाकं हलकी होतात आणि जोरात ब्रेक लागला तर जागीच जाम होतात. म्हणून रिकाम्या गाडीत हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवतो. माल भरला की चेसिस खाली येते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो.

म्हणजे गाडीत किती माल आहे हे व्हॉल्व्हला वजनावरून नाही, उंचीवरून कळतं.

आता गाडी लोअर करा आणि दांडी तशीच ठेवा. चेसिस खाली आली म्हणून व्हॉल्व्हला वाटेल, माल भरलाय. रिकाम्या गाडीतही मागे पूर्ण दाब जाईल, चाकं जाम होतील, गाडी घसरेल.

जादा पाटे टाकले तर उलटं. माल खचाखच भरलाय, पण चेसिस पुरेशी दबलीच नाही. व्हॉल्व्हला वाटेल, गाडी बरीचशी रिकामीच आहे. मागच्या ब्रेकला जितका दाब मिळायला हवा तितका मिळणार नाही. सर्वांत जड गाडीला सर्वांत कमजोर ब्रेक!

म्हणून माझ्या मते खाली करणं आणि वर उचलणं ही एकच चूक आहे. दोन्हींमध्ये गाडी स्वतःच्या वजनाबद्दल ब्रेकशी खोटं बोलायला लागते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ ठरवून दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

‘आरसीवर पाट्यांची संख्या कुठे लिहिलेली असते?’ असा युक्तिवाद गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतो. तो अगदीच पोकळ नाही. पण आरसीवर एकूण वजन लिहिलेलं असतं, आणि पाटे वाढवल्याने ते वाढत नाही. केंद्रीय कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा मालासाठी २० हजार रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवावा लागतो. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तिथे निरीक्षकाने पाट्यांवर बोट ठेवलं, तर तुमचा युक्तिवाद ऐकून घ्यायला तो बांधील नाही.

विम्याचं त्याहून गंभीर आहे. गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवला नसेल, तर दाव्याच्या वेळी वाद होणारच.

आता माणसांबद्दल. रोवणीच्या दिवसांत पहाटे बायामाणसं हौद्यात उभी राहून दुसऱ्या गावी जातात, लग्नाची वऱ्हाडं जातात. मालवाहू गाडीत अशी फुकट प्रवासी म्हणून बसलेली माणसं विम्याच्या सक्तीच्या संरक्षणात येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं आहे. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी गाडीत असेल तर वेगळं. बाकीच्यांना काही झालं, तर भरपाईचा बोजा गाडीमालकावर. हप्ते फेडणाऱ्या माझ्या मावसभावासारख्या माणसावर.

आणि कडक पाट्यांवर हलका हौदा कसा उडतो, ते वर पाहिलंच. वीस माणसं म्हणजे वजनाने हजार-बाराशे किलो, गाडीच्या हिशेबाने अर्धवट माल. पण हा माल उभा असतो, एका बाजूला झुकतो आणि त्याला धरायला कठड्याशिवाय काही नसतं.

मग करायचं काय?

पाटे मोजा. दोन्ही बाजूंचे मोजा आणि तुमच्या मॉडेलला कंपनी किती देते ते सर्व्हिस सेंटरला विचारा. जादा असतील तर दोन्ही बाजूंचे एकदमच काढा. एका बाजूचा ठेवला तर गाडी तिरकी बसेल.

यू-बोल्ट नवे घ्या. जादा पाट्यांसाठी लावलेले लांब यू-बोल्ट पुन्हा वापरू नका. नवे बसवल्यावर काही दिवस गाडी चालली की ते पुन्हा आवळून घ्या. ही पायरी बहुतेक जण विसरतात आणि मग सेंटर बोल्ट तुटतो.

पाटे बसले असतील तर बदला. कंपनीचे पाटे जुने होऊन सपाट झाले, म्हणून त्यात एक जादा घुसवणं हा उपाय नाही. पूर्ण संच बदला किंवा चांगल्या कारागिराकडून पाट्यांना मूळ बाक काढून घ्या. सोबत बुश आणि शॅकलही पाहा.

शॉकअप तपासा. गाडी डोलते तेव्हा दोष अनेकदा पाट्यांचा नसतो, तेल गळून गेलेल्या शॉकअपचा असतो.

ब्रेकची दांडी जुळवून घ्या. पाट्यांना हात लावला की भार ओळखणाऱ्या व्हॉल्व्हची दांडी कंपनीच्या मापाने लावलीच पाहिजे. मेकॅनिकला हे नाव घेऊन सांगा. त्याला माहीत नसेल तर गाडी दुसरीकडे न्या. त्यानंतर व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटची दिशा.

माल नीट रचा. जड पोती खाली आणि केबिनच्या बाजूला, हलका माल वर. मागच्या फाळक्यावर भार टाकू नका.

राहिली हौशी मंडळी. ज्यांच्याकडे खासगी वापराची मोठी पिकअप आहे आणि रस्त्यावरच चालवायची आहे, त्यांनाही माझा सल्ला आधी आरटीओत लेखी विचारण्याचा. होकार मिळाला तरच चारही चाकांचा पूर्ण संच घ्या, त्याला जुळणारे आखूड शॉकअप आणि बंप स्टॉप घ्या, आणि विमा कंपनीला कळवा. कॉइल कापून गाडी खाली करून देणाऱ्याच्या दारात मात्र उभेसुद्धा राहू नका. कापलेली कॉइल जागेवर नीट बसत नाही, खड्ड्यात ती सुटूही शकते.

‘पाटे काढले तर भाडं कमी होईल,’ हा मावसभावाचा पुढचा मेसेज होता. खरं आहे, काही खेपांना होईल. मी त्याला खोटा दिलासा दिला नाही. टायर, बेअरिंग आणि क्रॉस यांवर वर्षभरात किती गेले, ते लिहून काढ म्हटलं. दोन दिवस उत्तर आलं नाही. मग पुन्हा फोटो आला, तसाच गाडीखालून काढलेला. जादा पाटे अजून जागेवरच होते. खाली एवढंच लिहिलं होतं, ‘दादा, ते ब्रेकवाली दांडी हेच होय का?’

होय, तीच. बाकीचं त्याला आता सांगावं लागणार नाही, असं वाटतं.